कस्तुराबाईंनी बांधलेला पट्टा

फुकट मिळणारी कुठलीही वस्तू कस्तुराबाई ओव्हाळ आधी उलटी करून बघत. साबणाबरोबर कंगवा मिळाला तर कंगवा बाजूला ठेवून साबणाचं वजन वाचत. निवडणुकीच्या दिवसांत कुणी साड्या वाटायला आलं, तर उंबऱ्यातूनच विचारत, "पाण्यात घातल्यावर किती उरंल ही?" वाटणारे ओशाळून पुढच्या दाराकडे वळत आणि शेजारच्या सोजरबाई हळहळत, "अगं कस्तुरा, तुला नको तर माझ्याकडं तरी द्यायला सांगायची!"

त्यामुळे चिंचवडच्या कुठल्याशा नव्या कंपनीची मुलगी चिखलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत आली, सुनेच्या मांडीवर एक रुंद रबरी पट्टा ठेवला आणि याचे पैसे नाहीत असं म्हणाली, तेव्हा कस्तुराबाईंची नजर पहिल्यांदा त्या मुलीच्या बुटांकडे गेली. बूट चांगल्यापैकी होते. संशय आणखी घट्ट झाला.

"मग तुमचं कसं भागतं, ताई?"

ऋचा नावाची ती मुलगी हसली. "पैसे गुंतवणारे लोक असतात, काकू. हा पट्टा अजून बाजारात आलेला नाही. आधी पुष्कळ बायकांवर वापरून बघायचा, मग परवानगी, मग विक्री."

"म्हंजी आमच्या सुनंवर प्रयोग."

"अभ्यास म्हणतात त्याला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनीच तुमचं नाव सुचवलं. आम्रपालीताईंचं पहिलं बाळ लवकर झालं होतं ना, म्हणून."

खालच्या वर्कशॉपमधलं लेथ यंत्र तेवढं किरकिरत राहिलं. आम्रपालीचं पहिलं बाळ सातवा लागता लागता जन्मलं होतं, आणि दुपार संपायच्या आत गेलं होतं. त्या घरात ही गोष्ट कुणी अशी सरळ उच्चारत नसे. आता पुन्हा तिला सहावा सरून सातवा लागत होता. घरातली सगळी माणसं जणू पाऊल न वाजवता चालत होती.

ऋचाने पट्टा कसा वापरायचा ते दाखवलं. दुपारी शांत पडून राहायचं, पट्ट्याच्या चिकट चकत्या पोटाला लावायच्या आणि फोनवरचं बटण दाबायचं. पोट वेळेआधी आवळायला लागलं तर पट्ट्याला ते आईच्या आधी कळणार होतं. सगळं ठीक असेल तर फोनवर हिरवं कमळ, नसेल तर लाल. तिकडे कंपनीतही त्याच वेळी दिसणार.

"दिसणार म्हंजी, कुणाला दिसणार?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"आमच्या सर्व्हरवर माहिती जाते, काकू."

"ते कुटं हाय? कुलूप असतंय का त्याला?"

आम्रपालीने कपाळाला हात लावला. "आत्या, पुरे ना." सासूला ती आत्या म्हणे. बी.कॉम. झालेली, चिंचवडच्या विम्याच्या कार्यालयाचं काम सध्या घरूनच करणारी मुलगी होती ती. तिला या प्रश्नांची लाज वाटली. तिने कागद वाचला, सही केली आणि पट्टा उशाशी ठेवला.

कस्तुराबाईंच्या या स्वभावाला कारण नव्हतं असं नाही. त्यांचे यजमान साहेबराव चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर होते, ठेकेदाराकडून. पत्रा ठोकण्याच्या त्या आवाजात त्यांची अर्धी उमर गेली. एक दिवस कंपनीने आरोग्य शिबिर भरवलं. फुकट. मांडव घातला, केळी वाटली, रक्त तपासलं, कानाला भोंगे लावून कान तपासले. साहेबराव घरी येऊन कौतुकाने सांगत होते की डॉक्टरीणबाई किती गोड बोलली. पुढच्या महिन्यात ज्यांचे कान अधू निघाले, त्यांना ठेकेदाराने गेटवरच थांबवलं. सुरक्षेच्या कारणास्तव, असं कागदावर लिहिलं होतं. ज्या यंत्रांनी कान घेतले त्यांचं कुणी नाव काढलं नाही. तेव्हापासून साहेबराव घरी. त्यांच्याशी काही बोलायचं तर शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल इतकं ओरडावं लागे.

"फुकट तपासत्यात ते आपल्यासाठी न्हाई, त्यांच्यासाठी," कस्तुराबाई म्हणत. आणि त्यांचा मुलगा धम्मपाल चिडून म्हणे, "माय, सगळ्या जगाला एका कंपनीच्या मापानं मोजू नको." तो स्वतः चाकणलाच गाड्यांच्या कारखान्यात होता, पण कायम. कायमच्या माणसाचा कंपनीवर विश्वास असतो, असं कस्तुराबाईंना दिसून आलं होतं.

पट्ट्याचे पहिले काही दिवस बरे गेले. रोज दुपारी आम्रपाली पट्टा बांधून पडे, फोनवर हिरवं कमळ उमले, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण संध्याकाळपर्यंत उतरे. कस्तुराबाई दारात बसून भाजी निवडत आणि त्या कमळाकडे तिरक्या नजरेने बघत. रोज हिरवंच कसं? एखाद्या दिवशी पिवळं नाही, केशरी नाही. सोजरबाईंनी त्यात भर घातली. "माझ्या भाचीला असंच कायतरी लावलं होतं खासगीत. लाल दाखवून भरती करून घेतली आन् पोट फाडलं. धडधाकट होती पोर."

"मग आमचं हिरवंच का दावतंय?"

"आधी भरवसा बसू देत असतील. मग एक दिस लाल."

हे कस्तुराबाईंना पटलं. त्यांना असलं काही लवकर पटे.

त्या स्वतः भोसरीच्या एका कारखान्यात पुष्कळ वर्षं होत्या. मोटारीतल्या तारांचे जुडगे बांधायचं काम. बांधलेला प्रत्येक जुडगा तपासायला एक बोर्ड असे; तारा बरोबर असतील तर हिरवा दिवा, चुकल्या असतील तर भोंगा. आणि रोज पाळी सुरू व्हायच्या आधी सुपरवायझर कुलपातून एक लाल रंग दिलेला जुडगा काढत. त्यात एक तार मुद्दाम तोडलेली असे. आधी तो लाल जुडगा बोर्डावर चढवायचा. बोर्डाने भोंगा वाजवला तर बोर्ड खरा, कामाला लागा. त्याने हिरवा दिवा लावला, तर बोर्डच खोटारडा, लाईन बंद. कस्तुराबाईंना कारखान्यातल्या सगळ्या कायद्यांत हा एकच कायदा न्यायाचा वाटे. माल तपासणाऱ्याला आधी तपासा.

त्या दिवशी दुपारी आम्रपाली जेवण अर्धंच टाकून उठली. "आत्या, कंबर भरून आलीय. त्या चकत्यांनी खाजही सुटते. आज नाही बांधत पट्टा."

"नको बांधू. पड जरा," कस्तुराबाई म्हणाल्या. सून कुशीवर वळून झोपली. धम्मपाल दुसऱ्या पाळीला गेला होता. पट्टा आणि फोन तिथेच उशाशी.

कस्तुराबाईंनी दोन्ही उचलले, आतल्या खोलीत गेल्या, कडी लावली आणि पदर बाजूला करून त्या चकत्या स्वतःच्या पोटाला डकवल्या. पाळी जाऊन वर्षं लोटलेलं, नातवंडाची वाट बघणारं पोट. याच्याइतका तुटक्या तारेचा जुडगा दुसरा कुठला मिळणार होता? मूलच नाही म्हटल्यावर यंत्राने ओरडायला हवं. त्यांनी बटण दाबलं आणि छताकडे बघत शहाण्या गरोदर बाईसारख्या पडून राहिल्या.

फोनवर हिरवं कमळ उमललं. खाली लिहून आलं, 'सर्व ठीक. आई आणि बाळ शांत आहेत.'

कस्तुराबाईंना इतका आनंद झाला की तोंडावर हात धरावा लागला. सापडला चोर! आई आणि बाळ म्हणे! त्या पट्टा सोडून गॅलरीत साहेबरावांकडे गेल्या. आता पंचाईत ही, की ओरडून सांगावं तर सून जागी होणार. म्हणून त्यांनी खुणांनी सांगायला घेतलं. पोटाला पट्टा बांधल्याची खूण केली, पोट पुढे काढून दाखवलं, स्वतःकडे बोट केलं.

साहेबराव डोळे वटारून बघत राहिले आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाले, "ह्या वयात?"

"गप बसा वो!" कस्तुराबाईंनी त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि नाद सोडला. रात्री धम्मपाल आला की त्याच्यासमोर फोन ठेवायचा आणि म्हणायचं, बघ तुझी हुशार कंपनी. सगळं बोलणं त्यांनी मनात जुळवून ठेवलं.

दिवेलागणीला फोन वाजला. ऋचा होती. आम्रपालीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"आजचं रीडिंग फारच छान आलंय, ताई. इतकं शांत आतापर्यंत आलं नव्हतं. कशा आहात?"

आम्रपाली गोंधळली. "आज? आज मी..." ती थांबली. बहुधा तिला वाटलं, झोपेत आपणच बांधला असेल, किंवा आत्यांनी अलगद बांधला असेल. "तशी बरी आहे. फक्त दुपारपासून पाठ भरून येतेय. थांबून थांबून."

"बसून काम करता ना, त्यानं होतं. रीडिंगमध्ये पोट जराही आवळलेलं दिसत नाही. तरी त्रास वाढला तर दवाखान्यात दाखवाच हं."

"पण तसं काही दिसत नाहीये ना?"

"अजिबात नाही."

आम्रपालीने फोन ठेवला आणि डोळे पुसले. "आत्या, मी दुपारपासून घाबरले होते. मागच्या वेळी अशीच पाठीपासून सुरुवात झाली होती. बोलले नाही कुणाला. बरं झालं बाई पट्टा होता."

कस्तुराबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

त्यांनी सुनेकडे नीट पाहिलं. ती भिंतीला धरून उठली, दोन पावलं चालली, थांबली, कमरेवर हात दाबला, श्वास सोडला, आणि पुन्हा चालली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. हिरव्या कमळाने ती काढून घेतली होती. जे शांत होतं ते पोट कस्तुराबाईंचं होतं. हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं.

"आम्रपाली, चल, आपण दवाखान्यात जाऊन येऊ."

"कशाला? आत्ताच तर बोलले ना."

"मशीनचं काय खरं असतंय?"

"आत्या, तुम्हीच म्हणता ना, दवाखानेवाले उगाच घाबरवून भरती करून घेतात?" ती थट्टेने म्हणाली. तिला आज थट्टा सुचत होती.

कस्तुराबाईंनी धम्मपालला फोन लावला. त्याच्या कारखान्यात फोन गेटवर जमा करावे लागत, तो बंदच लागला. मग त्यांनी दुसरी वाट काढली. पोट धरून खाटेवर बसल्या. "माझ्याच पोटात कळ आलीय गं. तू चल संगं दवाखान्यात."

"अगं बाई! थांबा, मामांना उठवते. ते येतील तुमच्याबरोबर. मला रिक्षाचे धक्के नकोत." आणि ती पुन्हा थांबली, भिंतीला टेकली, श्वास सोडला.

आधीच्या वेळेपेक्षा लवकर थांबली होती ती.

सांगण्यावाचून इलाज नव्हता, पण सांगायचं म्हणजे काय, हेही कस्तुराबाईंना कळत होतं. पहिलं बाळ गेल्यानंतर त्या सोजरबाईंकडे एकदा बोलून गेल्या होत्या की नोकरीला धावत होती म्हणून असं झालं. आम्रपालीने ते दारामागून ऐकलं होतं. भांडली नाही, पण कित्येक महिने फक्त विचारल्याचं उत्तर देत होती. या बाळाने ते हळूहळू मिटवत आणलं होतं. आता हे बोललं की ही पोर जन्मात तोंड बघणार नाही.

"पट्टा मी बांधला होता," त्या म्हणाल्या.

"कळलं मला. मी झोपेत होते ना?"

"तुला न्हाई. मला. माझ्या पोटाला."

आम्रपालीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. तिने विचारलं, "का?"

"यंत्र खोटं बोलतंय का ते बघायला."

खालचं लेथ यंत्र बंद झालं होतं. आम्रपालीचा हात पोटावर गेला आणि तिथेच राहिला. ती ओरडली नाही. "रिक्षा बोलवा," एवढंच म्हणाली.

रिक्षात साहेबराव पुढे, या दोघी मागे. प्रत्येक खड्ड्याला कस्तुराबाई सुनेचा हात धरायला जात आणि सून हात मांडीखाली घेई. पिंपरीच्या सरकारी दवाखान्यात गर्दी होती. कस्तुराबाई सगळ्या रांगांना ओलांडून आत गेल्या आणि ओरडल्या, "आदीचं पोर सातव्यात गेलंय! आत्ता पुन्हा तसंच होतंय!" घरात कुणी उच्चारत नसलेली गोष्ट त्यांनी भरल्या ओसरीत ओरडून सांगितली. परिचारिका उठली.

मृदुला नावाची तरुण डॉक्टरीण तपासून बाहेर आली. "कळा सुरू आहेत. गर्भाशयाचं तोंड थोडं उघडायला लागलंय. थांबवायचा प्रयत्न करतोय. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन दिलंय, त्याला काम करायला वेळ मिळाला पाहिजे. दुपारपासून दुखतंय म्हणाल्या, मग इतका उशीर का?"

"माझ्यामुळं," कस्तुराबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंना याचा उलगडा करून घ्यायला सवड नव्हती.

धम्मपाल पाळी संपवून थेट दवाखान्यात आला. त्याने सगळं ऐकलं. "माय, तू बाहेर बस," म्हणाला. त्या बाहेर जाऊन बसल्या. ओसरीतल्या बाकावर त्यांना कुणी येऊन काही विचारलं नाही, आणि कुणी विचारावं असं त्यांनाही वाटलं नाही.

सकाळी कळा थांबल्याचं कळलं. धोका टळलेला नव्हता, पण बाळ आत होतं.

ऋचा चिंचवडहून धावत आली. तिचा चेहरा उतरलेला होता. "काकू, तुम्ही काय केलंत हे! कुणी असं करतं का?"

"आमच्याकडं रोज करत होते," कस्तुराबाई म्हणाल्या आणि लाल जुडग्याचं सांगितलं.

ऋचाने शांतपणे ऐकलं. "पण काकू, पट्टा मूल आहे की नाही हे बघतच नाही. पोट आवळतंय का, एवढंच तो ऐकतो. तुमचं आवळत नव्हतं."

"म्हंजी खरं बोलला तो?"

"हो."

कस्तुराबाईंची मान खाली गेली. आपली तपासणीच चुकीची होती. बोर्ड एक बघत होता आणि आपण त्याला दुसरंच विचारत होतो. थोड्या वेळाने मान वर आली. "मग आई आन् बाळ शांत हायत, असं का लिवलं त्यानं? बाळाचं त्याला काय ठावं?"

ऋचा चाचरली. "ते... वाचायला बरं वाटावं म्हणून लिहिलंय."

"बरं वाटलं तिला. म्हणून तर दवाखान्याला उठंना ती."

ऋचा जरा इकडेतिकडे बघून म्हणाली, "कालचं रीडिंग मी अभ्यासातून काढून टाकते, काकू. म्हणजे तुमच्यावर काही यायचं नाही."

कस्तुराबाईंचे डोळे बारीक झाले. "माझ्यावर, का तुमच्यावर?"

"काकू..."

"काढायचं न्हाई. म्हातारीच्या पोटाला बांधला तरी त्याला कळत न्हाई, हे तुमच्या पैसेवाल्यांना दिसू द्या. माझं नाव लावा. कस्तुरा साहेबराव ओव्हाळ. चुकलं ते माझंबी दिसू द्या."

ऋचा काय करणार होती ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. नाव मात्र तिने विचारून पुन्हा एकदा नीट लिहून घेतलं. तिने ते पुढे लावलं की पुसलं, याची खात्री कस्तुराबाईंना पुढेही कधी झाली नाही. पट्टा ती परत घेऊन गेली.

सुट्टी मिळाल्यावर आम्रपाली चिखलीला आली नाही. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. ती देहूरोडला आईकडे गेली. धम्मपाल पाळीला जाता-येता तिकडेच उतरे. कस्तुराबाईंनी तिच्या साड्या, तेलाची बाटली, तिला आवडणारी शेंगदाण्याची चटणी पाठवली. डबा धुऊन परत आला. निरोप आला नाही. सोजरबाई म्हणाल्या, "सुनंचा एवढा ताठा?" तर कस्तुराबाई त्यांच्यावरच उखडल्या, "ताठा न्हाई त्यो. तिचं बरोबर हाय." आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी सोजरबाईंच्या तोंडावर दार लावलं.

आठवडे असे जात राहिले, आणि जाणारा प्रत्येक आठवडा बाळाच्या पदरात पडत होता, हे कस्तुराबाईंना माहीत होतं. फोन वाजला की त्या आधी नाव बघत, मग भिंतीला टेकत, मग उचलत. धम्मपालचा असे. "ठीक आहे" म्हणे. कोण म्हणतंय ठीक आहे, असं विचारायचं ओठांवर येई. त्या गिळून टाकत.

नववा लागून गेल्यावर एका सकाळी फोनवर आम्रपालीचं नाव दिसलं. कस्तुराबाई भिंतीला टेकायचं विसरल्या.

"आत्या, मुलगी झाली. पहाटे."

कस्तुराबाईंनी विचारलं, "काचंच्या पेटीत ठिवलीय का?"

"नाही. माझ्याजवळच आहे. वजन बरं आहे."

"वजन बरं हाय म्हणून कोण म्हणलं? डॉक्टर का नर्स?"

पलीकडे आम्रपाली हसली. दमलेलं, खोल हसू. "या आणि स्वतः उचलून बघा. मग तुमचा विश्वास बसेल."

"येऊ का मी?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"म्हणून तर फोन केला, आत्या. धम्मपालला म्हटलं, मीच करते."

साहेबराव गॅलरीतून विचारत होते, कोण आहे, काय झालं. कस्तुराबाईंनी त्यांना सांगितलं. इतक्या मोठ्याने, की खालच्या वर्कशॉपमधल्या माणसांनी काम थांबवून वर पाहिलं. मग त्या केस न विंचरताच चपला शोधायला लागल्या.